न तापवलेलं दूध

इरा, निखिल,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आता लिहिते आहे, कारण रविवारी फोनवर इरा म्हणाली, "आजी, इथे एका फार्मवर कच्चं दूध मिळतं, अगदी तुझ्या तबेल्यातल्यासारखं! माझ्या छोटूला तेच सुरू करणारेय." मी हसले आणि विषय बदलला. म्हणजे पुन्हा एकदा गप्पच बसले.

ती तबेल्याची गोष्ट तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलीत ना? मरोळला आमच्या चाळीमागे म्हशी होत्या. मी समोर उभी राहून धार काढून घ्यायची आणि दुधात लॅक्टोमीटर सोडायची. काचेची नळी वर तरंगली, की पाणी नाही. पाणी नाही म्हणजे दूध शुद्ध. तपासनीस येत, तेही आधी पाणीच शोधत. सरकारी केंद्रावर यंत्रात तापवून गार केलेलं बाटलीतलं दूध मिळायचं, पण ते मला बेचव वाटायचं.

एवढंच सांगून मी नेहमी थांबते. पुढचं असं, की शुभाचं, तुमच्या आत्याचं, दूध मी तापवत नसे. चहाचं तापायचं, तिचं नाही. उकळल्याने सत्त्व जातं असं एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. माझ्या सासूबाई मालवणच्या. त्या ओरडायच्या, "गो सायबिणी, पोराक कच्चा दूध कित्याक दितंस? तापय आधी!"

"आई, हे धारोष्ण आहे. तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणायची. चारचौघांत. हसून.

शुभा चार वर्षांची असताना जिना उतरताना सासूबाईंचा पाय घसरला आणि ती त्यांच्या कडेवरून निसटली. थोडं खरचटलं, बाकी काही नाही. पण काही आठवड्यांनी ती लंगडू लागली. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. शेवटी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मी आणि सासूबाई, दोघीच होतो.

डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. खुब्याच्या हाडाचा क्षय आहे, म्हणाले. जनावराच्या कच्च्या दुधातून आला असावा, पडण्याशी याचा संबंध नाही. घरी दूध तापवता का, असंही विचारलं. मी मान खाली घातली — त्यांना तेवढं उत्तर पुरलं.

शेजारी सासूबाई शुभाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "काय म्हणतत गो डॉक्टर?"

आणि मी — काय सांगितलं असेल मी?

"पडल्यामुळे झालं म्हणतात."

त्यांनी शुभाला मांडीवरून उचलून माझ्याकडे दिलं, अगदी जपून, दोन्ही हातांनी.

घरी आजोबांनाही मी तेच सांगितलं. औषधं झाली, प्लास्टर झालं, शुभा वाचली. त्या दिवसापासून तिचं दूध मी उकळू लागले, आणि का ते कुणी विचारलं नाही. पुढे तुमचे बाबा जन्मले. सासूबाईंनी त्यांना कधी कडेवर घेतलं नाही. पाळण्याशी बसून गाणी म्हणायच्या, पण उचलायच्या नाहीत. "माझ्या हाताक भरवसो नाय," म्हणायच्या. मी ते ऐकत ओट्याशी उभी असायची. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. इतक्या वर्षांत एकदाही बोलता आलं नाही? — बोलता येत होतं. बोलले नाही. त्या तसंच मनात धरून गेल्या.

इरा, ज्या दुधाची गोष्ट मी तुला रंगवून सांगत आले, तिचा उरलेला भाग हा.

तबेला केव्हाच गेला, चाळही गेली. शुभाचा डावा पाय आखूड आहे. जिना चढताना ती कठडा धरते, आणि कुणी विचारलं तर अजूनही हसत सांगते, "लहानपणी आजीने पाडलं मला."