फॅक्टर म्हणजे फॅक्टरी नव्हे

भटूभाऊ मूळचे धुळ्याकडचे, वय अठ्ठेचाळीस. जळगावजवळ पिंप्राळ्यात माझ्या घरासमोर त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डावा गुडघा वाकत नाही, म्हणून ते पाय लांब करून बसतात. 'पडला होता का?' असं कुणी विचारलं की वैतागतात. पडायची गरजच नसते. रक्त गोठवणारा आठवा फॅक्टर त्यांच्या अंगात जन्मापासून जवळजवळ नाहीच. लहानपणी सांध्यात आतल्या आत रक्त साकळायचं आणि शहाणी माणसं 'वात आहे' म्हणून तेल चोळायची.

आता फॅक्टर दवाखान्यात मिळतो. बाटलीतली पांढरी पूड, पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायची, की रक्तस्राव थांबतो. इतकं साधं औषध गुडघा गेल्यावर मिळालं, याचा मला अजून राग येतो.

गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला भटूभाऊ आई मंजुळाबाईंना घेऊन वरणगावला गेले. स्टेजवरून उतरताना डोकं लोखंडी खांबावर आपटलं. जखम नाही, थेंबभर रक्त नाही. पाहुणे म्हणाले, "जेवून घ्या, बरं वाटेल." अर्ध्या तासात उलटी झाली, जीभ अडखळू लागली. मंजुळाबाईंनी रिक्षा थांबवली. "याले फॅक्टर लागस, लवकर चाल!"

रिक्षावाला भला माणूस. पण आयुध कारखान्याच्या गावात त्याला 'फॅक्टरी'च ऐकू आलं. कामगार असेल, कारखान्याच्या दवाखान्यात न्यायचा असेल, असं समजून त्यानं रिक्षा सुसाट गेटवर नेली. पहारेकऱ्यानं पास मागितला. अशी चूक वरणगावातच व्हायची! आज हसू येतं. तेव्हा भटूभाऊंची शुद्ध हरपत चालली होती. घोळ कळून भाच्याची गाडी येईपर्यंत वीस मिनिटं वाया गेली.

जळगावच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं आधी डोक्याचा स्कॅन करायला सांगितलं. तिथं रांग होती. अंगठा उठवणाऱ्या मंजुळाबाई स्ट्रेचरसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "पहिले फॅक्टर द्या. फोटो मंग काढा."

डॉक्टर चिडला. तरी त्यानं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "बाई बरोबर सांगताहेत. थांबू नका, आधी फॅक्टर द्या."

सुई लागली, मग स्कॅन झाला. मेंदूवर रक्त होतं. पुढे रोज फॅक्टर चालूच होता. दुसऱ्या स्कॅनमध्ये रक्त वाढलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी भटूभाऊंनी स्पष्ट आवाजात चहा मागितला.

तो तरुण डॉक्टर मंजुळाबाईंजवळ येऊन बसला. म्हणाला, "आजी, त्या दिवशी तुम्ही अडून बसलात म्हणून वेळ वाचला. भीती नाही वाटली?"

"मना दोन भाऊ असाच गयात," मंजुळाबाई म्हणाल्या. "तवय काय द्यानं, कोणलेच मालूम नव्हतं."

एवढं बोलून, चार दिवसांत पहिल्यांदा, त्या रडायला लागल्या.