नाकेदाराचा वजीर

मोखाड्याच्या वाटेवरच्या जंगल नाक्याचा नाकेदार दर सोमवारी दाखले घेऊन जव्हारच्या कचेरीत यायचा. दुपारी तिथे बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसला की रेंगाळायचा. सोंगटीला हात लावण्याआधी तळवा धोतराला पुसायचा, आणि सोंगट्यांबद्दल घरच्या माणसांसारखं बोलायचा. "घोडा दमलाय, जरा उभा राहू दे," असं.

आमच्या साहेबांना हरणं सोसत नसे. म्हणून त्यांच्याशी खेळताना आम्ही कारकून मुद्दाम वजीर उघडा टाकायचो. साहेब तो मारून खूश होत आणि आमचा आठवडा सुखाचा जाई.

एका सोमवारी साहेबांनी नाकेदाराला समोर बसवलं. तासाभराने त्याने वजीर थेट साहेबांच्या राजाला भिडवला.

"शह, सायेब."

वजिराला कशाचाच जोर नव्हता. हाही आमच्यासारखाच शहाणा झाला म्हणून मला हायसं वाटलं, थोडं वाईटही वाटलं. साहेबांनी हसत राजाने वजीर मारला.

नाकेदाराने तळवा पुसला. एका घोड्याने शह दिला, मग दुसऱ्याने. राजा पळत पटाच्या मध्यावर आला आणि तिथे एका साध्या प्याद्याने त्याला मात दिली. प्यादेमात. हरणाऱ्याला याहून मोठी नामुष्की नाही. साहेबांनी हातातला वजीर पेटीत टाकला आणि पेटी कपाटात गेली, ती पुन्हा निघाली नाही. वजीर टाकण्यातून आम्ही सुटलो.

नाकेदार मात्र दर सोमवारी दाखले ठेवताना हळूच विचारायचा, "वजीर बरा हाय ना?"

"बरा आहे," मी कपाटाकडे न बघता सांगायचो.