डाव्या बाजूची सीट

आमच्या गाडीला वास येत होता आणि तो माझ्या बाबांचा आहे, हे आम्ही नवरा-बायकोने फारसं न बोलताच ठरवून टाकलं होतं.

आई गेल्यावर बाबा देवरीला माझ्याकडे राहायला आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. आयुष्यभर राइस मिलमध्ये पोती उचललेली, त्यामुळे कंबर पार कामातून गेलेली. आठवड्यातून दोनदा त्यांना शेकायला आणि व्यायामाला गोंदियाला न्यावं लागायचं. कधी मी न्यायची, कधी नवरा. बाबा नेहमी पुढे, डाव्या सीटवर बसायचे, कारण मागे त्यांना पाय लांब करता येत नसत. दिवाळीनंतर त्याच सीटपाशी वास यायला लागला. आंबट, उग्र, नाकात चढून तिथेच बसणारा. गाडी उन्हात उभी राहिली की दार उघडताच डोळ्यांत पाणी यायचं.

नवऱ्याने आधी आरशाला सुगंधी डबी टांगली. मग कापराच्या वड्या आणून ठेवल्या. कापूर आणि तो वास मिसळून जे काही तयार झालं, ते मूळ वासापेक्षाही घाण होतं. एकदा गाडीतून उतरताना तो म्हणाला, "म्हातारपणात होतं असं. त्यांचा काय दोष?" मी नुसती मान हलवली.

मी नर्स आहे. चिचगडच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात काम करते. पू, ओकारी, रक्त, सगळं हाताने काढलेलं आहे. मला किळस येत नाही, असं मी चार लोकांत अभिमानाने सांगायची. म्हणून बाबांच्या बाबतीतही मी नर्ससारखीच वागले. दवाखान्यात बाजेवर घालायची लाल रबरी चादर असते ना, तिचा तुकडा कापला, सीटवर अंथरला आणि वर स्वच्छ टॉवेल घातला.

त्या दिवशी बाबा येऊन बसले तर खालून रबर करकरलं. त्यांनी टॉवेलचा कोपरा उचलला, पाहिलं आणि परत जसा होता तसा ठेवला. गोंदिया येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. पुढच्या खेपेला मी किल्ली घेऊन बाहेर आले तर ते आधीच मफलर गुंडाळून निघाले होते.

"बाबा, गाडी काढून राहिली न मी."

"मी बसनं जातो."

"काऊन?"

"बसमदी लोकं भेटतेत."

मला सुटल्यासारखं झालं. हे लिहायची लाज वाटते, पण झालं होतं खरं. दोन-तीन खेपा वास कमी होतो का, तेही मी बघितलं. तो काही कमी झाला नाही. तेव्हा मुरलाय, असं मी म्हटलं.

मग जानेवारी आला. आमच्याकडे थंडी पडते ती हाडात शिरते, आणि गोंदियाच्या बसची एक तरी खिडकी बंद होत नाही. बाबा घरी परतायचे ते लाकडासारखे ताठ होऊन. शेक घेऊन उपयोग काय, वाटेतच सगळा निघून जायचा. मोबाईलवर पाहता पाहता मला सीट गरम करायच्या पट्ट्या दिसल्या. चटईसारख्या पातळ, आत तारा. एक बसायच्या जागी घालायची, एक पाठीला, आणि बटण समोर. मी लगेच मागवल्या. गरम सीट म्हटल्यावर बाबा गाडीत येतील, असं वाटलं. आपण बापासाठी किती करतो, असंही वाटलं.

गोंदियात गाड्यांच्या सीटा शिवणारा एक जण आहे. पन्नाशीचा, हिंदीच बोलणारा, हात साफ. मी सकाळी गाडी त्याच्याकडे घेऊन गेले. बाबा बसने आले होते. शेक आटोपून ते, मी सांगितलं होतं तसे, चालतच दुकानाशी आले आणि बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. पट्ट्या पाहून दुकानदार हसला. "मॅडम, यहाँ लोग ठंडी सीट पूछते हैं. गरम वाली आपने पहली बार माँगी."

त्याने डाव्या बाजूचं दार उघडलं आणि हसायचा थांबला. नाकाशी हात नेत त्याने विचारलं, "घर में कोई बुजुर्ग हैं क्या? इसी पे बैठते हैं?"

बाबा चार हातांवर होते. मी आवाज खाली आणला, पण त्यांचे कान चांगले आहेत.

"हाँ," मी म्हटलं. "हो जाता है कभी-कभी उनसे."

एकदाही झालं नव्हतं. त्यांचे कपडे मीच धुवायची. एकदाही ओलं धोतर माझ्या हाताला लागलं नव्हतं. तरी मी रस्त्यावर उभी राहून एका परक्या माणसाला तसं सांगितलं.

त्याने टॉवेल काढला, रबरी चादर ओढली आणि बाजूला फेकली. ती बाबांच्या पायाशी जाऊन पडली. मग त्याने बोल्ट खोलून अख्खी सीट बाहेर काढली, उलटी केली आणि पकडीने कव्हरच्या कड्या एकेक तोडायला लागला. चार-पाच कड्या तुटल्या असतील. कव्हर मागे ओढताच तो "अरे!" म्हणत उडी मारून उठला आणि गळ्यातला गमछा त्याने तोंडाला लावला.

"मॅडम, आप मत देखो."

"मी नर्स आहे," असं म्हणत मी वाकले.

फोमच्या मधोमध टोपलीएवढा खड्डा पडलेला होता. त्यात कुरतडलेला फोम, धानाचा कोंडा, माझ्याच गाडीतल्या कापसाच्या गुंडाळीचे बोळे, आणि त्या सगळ्यावर काळसर पिवळा चिकट थर. थरात एक मोठा उंदीर दबून चपटा झाला होता. त्याचे केस फोमला चिकटले होते आणि पोटाच्या जागी पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. बाजूला पिल्लं. काही वाळून चामड्यासारखी झालेली, आणि तीन-चार गुलाबी, डोळे न उघडलेली, जिवंत. ती त्या अळ्यांतच तोंड खुपसत होती. सीट कलंडली होती, त्यामुळे फोममध्ये मुरलेलं पाणी एका कोपऱ्यातून थेंबथेंब गळत होतं. एक थेंब माझ्या चपलेवर, अंगठ्यापाशी पडला.

आमची गाडी धानाच्या पोत्यांच्या खोलीला लागून टिनाखाली उभी असते. कापणीनंतर उंदरं येणारच, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि बाबा महिनाभर त्याच्यावर बसून गेले होते. खालून हे आणि वरून माझा धुतलेला टॉवेल.

मी नालीपर्यंत कशीबशी पोचले आणि ओकले. सकाळचे पोहे, चहा, सगळं. वीस वर्षांत वॉर्डात माझं असं कधी झालं नव्हतं. मागे दुकानदार बाबांना सांगत होता, "चाचाजी, माफ करना. मैंने गलत समझा."

बाबा म्हणाले, "तेरा क्या है, बाबू. तूने तो आज देखा."

मग ते माझ्यापाशी आले. कंबर धरून, हळूहळू. हातात पाण्याची बाटली होती.

"घे. तोंड धू."

मी तोंड धुतलं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"तू त दवाखान्यात काम करतेस न," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मानसाचा आन उंदराचा वास तुले अलग नाई समजला?"

"समजला असता, बाबा. मी पाह्यलंच नाई."

"हव," ते म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

दुकानदाराने ते सगळं जुन्या पोत्यात भरलं, लांब नेऊन टाकलं, सीटचा सांगाडा दोनदा धुतला. सीटखालच्या ताराही कुरतडलेल्या निघाल्या. तो म्हणाला, न पाहता गरम पट्टी जोडली असती तर आधी ही घाण शिजली असती, मग गाडी पेटली असती. त्याने तारा बदलल्या, नवा फोम कापला, त्यावर पट्ट्या चिकटवल्या, नवं कव्हर चढवलं. दुपार गेली. बाबांनी एकदाही निघू या म्हटलं नाही. रबरी चादर तिथेच पडली होती. शेवटी मी ती उचलली आणि कचऱ्यात कोंबली. त्यानंतर दुकानाच्या नळावर मी किती वेळा हात धुतले, कोण जाणे.

परत येताना बाबा पुढे बसले. मी बटण दाबलं. आमगाव यायच्या आत सीट तापली.

"गरम होऊन राह्यली," ते म्हणाले. कंबर जरा मागे टेकवली.

"बाबा, चुकलं माझं."

त्यांनी मफलर सोडून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "जावयाले तूच सांग. मी नाई सांगत."

घरी आल्यावर मी नवऱ्याला अंगणातच सांगितलं. उंदीर, पिल्लं, अळ्या, सगळं. ऐकून तो खो खो हसला. "म्हणजे उंदरं होते! आणि आपण समजून राहिलो होतो..." त्या हसण्याची मला इतकी शिसारी आली की त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. बाबा आत होते, आणि दार उघडं होतं.

"त्यांची माफी माग," मी म्हटलं.

"मी त्यांना काही म्हटलंच नव्हतं."

"मीही नव्हतं म्हटलं."

तो आत गेला. जरा वेळाने स्वयंपाकघरात भांडं वाजलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने स्वतःहून बाबांसाठी चहा ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला. आलं विसरला होता आणि साखर जास्त टाकली होती. कप घेऊन तो बाबांच्या खोलीत गेला आणि बराच वेळ दारातच उभा राहिला.

"बाबा, चहा घेता काय?"

"हव. आन बस."

दोघं आत काय बोलले, मला ऐकू आलं नाही. माझाही कप त्याने ओट्यावर भरून ठेवला होता. मी तो ओठांपर्यंत नेला आणि मोरीत ओतला. पुढचे आठ दिवस मला कशाचीच चव लागली नाही.