नवरदेवाची मान आणि आत्याचा तांब्या

"मॅडम, ते कप लावा अन् मोकळं करा मला," बालाजी म्हणाला. बोलत होता माझ्याशी, पण बघत होता खिडकीकडे. त्याची मान डावीकडे कलली होती आणि तिथून हलायला तयार नव्हती.

मी नांदेडला फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. माहेर लातूरचं, म्हणून तोंड फटकळ, असं माझ्या सासरचे म्हणतात. बालाजी अर्धापूरकडचा, घरची केळीची बाग. आठवड्यावर लग्न आलेलं. मुलगी रेणापूरची, नाव शुभांगी. आणि नवरदेवाची ही अशी मान.

सोबत त्याची सरूआत्या होती. बालाजी लहान असतानाच त्याची आई गेली. आत्याचा नवराही लवकर वारला, ती माहेरी परत आली आणि तिनंच याला वाढवलं. पेशंट तो, पण बोलत होती ती.

"मॅडम, पोरीकडच्यांनी सरळ मानेचा पोरगा बघितलाय. आता मांडवात असा वाकडा उभा ऱ्हायला तर लोक काय म्हंतील? पोरात खोट हाय, लपवली म्हंतील. त्याला आई न्हाई. बोल मलाच लागंल."

"काही खोट नाही आत्याबाई. आधी बघू तर द्या."

विचारल्यावर कळलं. केळीची गाडी भरायला आली त्या दिवशी मजूर कमी पडले, म्हणून या राजानं स्वतः घड वाहिले. सगळे उजव्या खांद्यावर. घड खांद्यावर घेतला की डोकं आपोआप डावीकडे झुकवावं लागतं, नाहीतर घड कानावर घासतो. दिवसभर असंच. दुसऱ्या दिवशी उठला तर मान तिथेच राहिलेली. याला आम्ही स्पाझम म्हणतो. म्हणजे स्नायू घाबरून आखडतो आणि 'आता हलणार नाही' म्हणून रुसून बसतो. हाताला मुंग्या नाहीत, ताकद कमी नाही, ताप नाही. म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं.

"मंग कप?" बालाजीनं मोबाइल पुढे केला. एक पैलवान पालथा पडलेला, पाठभर कप, आणि खाली लिहिलेलं की एका बैठकीत दुखणं गायब.

कपिंग मला येतं. वर्कशॉप केलंय, सेट कपाटात आहे. प्लॅस्टिकचे कप कातडीवर ठेवायचे, छोट्या पंपानं आतली हवा ओढायची, कातडी आणि खालचा स्नायू वर उचलला जातो. आपल्याकडे तुंबडी लावायचे, तेच. हिजामा म्हणतात त्यात बारीक चिरा देऊन रक्तही काढतात, ते मी करत नाही. कपनं काही लोकांना बरं वाटतं, थोडा वेळ. त्याच्यापलीकडे छातीठोकपणे सांगावं असं माझ्या हाती काही नाही. शरीरातलं विष बाहेर येतं वगैरे कुणी सांगितलं तर चहा प्यावा आणि घरी जावं. तो काळानिळा गोल डाग म्हणजे कातडीखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. विष नाही नि काही नाही.

तरी मी ठरलेले प्रश्न विचारले. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? शुगर? कातडीचा काही त्रास? सगळ्याला नाही. म्हणजे लावायला हरकत नव्हती. आणि खरं सांगते, लावावेत असं वाटलंही. पोरगा काकुळतीला आलेला, आत्या डोळे पुसतेय. कप लावले असते तर निदान काहीतरी केल्याचं समाधान सगळ्यांना मिळालं असतं.

मग मी विचारलं, "हळद कधी?"

"लग्नाच्या आदल्या सांजला. हितंच, नांदेडात, कार्यालयात. दोन्ही घरची एकत्रच."

"उघड्या अंगानं बसणार?"

"आमच्यात तसंच बसतात, मॅडम."

"झालं तर मग. डाग आठवडाभर तरी राहतो. नवरदेवाच्या पाठीवर वांग्याच्या रंगाचे सहा गोल, आणि भोवती दोन्हीकडच्या बायका. काय म्हणतील?"

आत्यानं गालावर हात मारून घेतला. "आगं माय! कसला रोग हाय म्हंतील."

"म्हणून कप नाही. रोज या. शेक देते, हातानं सोडवते, व्यायाम शिकवते. लग्नापर्यंत मान वळेल."

बालाजी हिरमुसला. आत्या मात्र कपाटातल्या कपकडे बघत होती. "मॅडम, ही वाटी चिकटती कशी?"

मी आपली शिक्षकाच्या खुमखुमीनं सांगत बसले. आतली हवा कमी झाली की कातडी आत ओढली जाते. पूर्वी आत जाळ करून हवा कमी करायचे.

"म्हंजी बेंबी सरकल्यावर पोटावर तांब्या लावतात तसंच की!"

"अगदी तसंच," मी म्हणाले. माझी जीभ मला नेहमी अशी नडते.

बालाजी रोज येत गेला. पोरगा गुणी. हनुवटी आत घेण्याचा व्यायाम, खांदे मागे, झोपताना पातळ उशी, सगळं सांगितलं तसं केलं. आधी खिडकीकडे बघून बोलायचा, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, आणि होता होता माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागला. डावीकडचा ताण थोडा उरला होता. म्हटलं, जाईल तो. फक्त आता कुणी हात लावू नका.

हळदीच्या दिवशी सकाळी मी मटकीला फोडणी देत होते. फोन वाजला. बालाजीच.

"मॅडम, तांब्या निघंना."

"कुठला तांब्या?"

"पाठीवरचा."

मी गॅस बंद केला. आत्याबाईंनी उरलासुरला ताणही काढायचं मनावर घेतलं होतं. कणकेच्या गोळ्यात वात खोचून नवरदेवाच्या पाठीवर ठेवली, पेटवली, वर पितळेचा तांब्या पालथा घातला. जाळ विझला आणि तांब्या असा बसला की बालाजीच्या चुलत्यानं ओढूनही हलेना. मागे आत्याचा आवाज येत होता, "मेले मी, मेले! काय करून बसले!"

"ओढू नका! कातडी फाटेल," मी ओरडले. "आधी सांग, भाजलंय का?"

"न्हाई. नुसतं ओढतंय लई."

"काठाजवळच्या कातडीत बोट दाबायला सांग. जोरात. आत हवा शिरू दे."

फोनमधून 'फस्स' असा आवाज आला. मग तांब्या फरशीवर पडल्याचा. मग सगळ्या घराचा एकदम सुटलेला श्वास. दोन मिनिटांनी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. मान आणि डावा खांदा यांच्या मधोमध, पुरीएवढा, जांभळा, गरगरीत डाग. मी सहा गोलांना नाही म्हणाले होते, आत्यानं एकच लावला, पण सहांची कसर भरून काढली. मला आधी हसू आलं आणि मग संध्याकाळची हळद आठवली.

मी परत फोन लावला. "हे बघ, शुभांगीला आत्ताच सांगून टाक. लपवू नकोस."

"हाव मॅडम," तो म्हणाला. त्या 'हाव'मध्ये काही दम नव्हता.

संध्याकाळी मी कार्यालयात गेले. आमंत्रण होतंच, आणि खरं तर मला चैन पडत नव्हतं. बालाजी पाटावर बसला होता. त्यांच्यात पहिल्यांदाच नवरदेव बनियन घालून हळदीला बसलेला. कुणी विचारलं की चुलता म्हणायचा, "आजकालची पोरं लाजत्यात." सरूआत्या पाटाजवळ नव्हत्याच. त्या लांब, पाण्याच्या पिंपापाशी ग्लास विसळत उभ्या होत्या. विधवा बाईनं हळदीला हात लावायचा नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ज्या पोराला न्हाऊमाखू घालून वाढवलं त्याच्या हळदीला ती बाई ग्लास विसळत होती. मला मनापासून राग आला, पण कार्य त्यांचं, मी पाहुणी.

शुभांगीची आई पुढे आली. गाल झाले, हात झाले. खांद्याला लावायला तिनं बनियनचा पट्टा जरा बाजूला केला आणि तिचा हात तिथेच थांबला.

"जावईबापू, हे काय हो?"

भोवतीच्या बायका वाकल्या. कुणीतरी "आगं बया" म्हणालं. बालाजीचा चेहरा पडला. त्यानं सांगितलं नव्हतं, गाढवानं. मी समजावून सांगायला खुर्चीतून उठले, तेवढ्यात पिंपापाशी ग्लास खाली पडला.

आत्या गर्दीतून वाट काढत आल्या. हात ओलेच. पाटापासून हातभर अंतरावर थांबल्या.

"विहीणबाई, पोरात खोट न्हाई. त्याची मान धरली हुती. ह्या मॅडमनी नगं म्हणून सांगितलं हुतं, तरी म्या आडाणीनं तांब्या लावला. डाग माझ्या हातचा हाय. बोलायचं ती मला बोला, लेकराला नगं."

आतल्या खोलीच्या दारात शुभांगी हळदीच्या साडीत येऊन उभी राहिली होती. बालाजीनं तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकून तिकडे पाहिलं. सरळ, पूर्ण मान वळवून. बाई गं, त्या घटकेलाही माझ्यातल्या फिजिओला आनंद झाला.

शुभांगीच्या आईनं डाग पुन्हा पाहिला. मग आत्यांकडे पाहिलं.

"आमच्या सासूबाई पोटाला लावायच्या तांब्या," ती म्हणाली. "एवढा मोठा डाग न्हवता पडत, पण." कुणीतरी खुदकन हसलं. तिनं हळदीची वाटी उचलली आणि आत्यांपुढे धरली. "डाग तुमच्या हातचा न्हाई का? मंग त्याला हळद बी तुमीच लावा."

आत्यांनी हात मागे घेतला. "आवं, मी कशी..."

"आत्या, लाव की," बालाजी म्हणाला. "पाठ गार पडली माझी."

त्यांनी पदराला हात पुसले. दोन बोटं वाटीत बुडवली आणि त्या जांभळ्या गोलावरून अशी हळू फिरवली, की एवढ्या वर्षांत इतक्या पाठींना हात लावूनही मला तसा हात जमलेला नाही. मी रडले. उगाच कशाला खोटं बोलू.

लग्न थाटात झालं. नवरदेवानं हार ताठ मानेनं घालून घेतला. रोज शेक दिला मी, व्यायाम शिकवला मी, आणि सगळ्या अर्धापुरात नाव झालं तांब्याचं. परवा तिकडून एक गृहस्थ आले आणि विचारू लागले, "मॅडम, तुमच्याकडं पितळेचा लावता का तांब्याचा?"

पाठोपाठ सरूआत्या स्वतः आल्या, गुडघा घेऊन, शुभांगीचा हात धरून. शेक घेतला, व्यायाम शिकल्या. जाताना कपाटाकडे बघत म्हणाल्या, "तेवढी एक वाटी लावून बघायची का?" शुभांगीनं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

कपिंग करावं का, असं विचारत अजून बरेच जण येतात. कधी मी हो म्हणते, कधी नाही. प्रश्न मात्र सगळ्यांना तेच विचारते. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? शुगर आहे का? येत्या आठवड्यात अंगाला हळद लागणार आहे का? आणि अलीकडे त्यात एक वाढवलाय: घरी आत्या आहे का?