भाग न जाणारा नंबर

डिचोलीच्या बाजारात एक गृहस्थ रोज भेटतो. पूर्वी खाणीवरच्या वजनकाट्यावर कारकून होता. तिथे आकड्यांचा जो चाळा लागला तो सुटला नाही. कुणाचाही मोबाईल नंबर कानावर पडला की पेपरच्या कडेला लिहितो आणि भागायला बसतो. नऊने निःशेष भाग गेला की गृहस्थ असा फुलतो, जणू तो नंबर त्यानेच घडवला. पूर्वी मला हसू यायचं. आता येत नाही.

परवा आई त्याच्यासमोरच पायरीवरून घसरली. पाय मोडला. तिने माझा नंबर तोंडपाठ सांगितला. याने तो लिहून घेतला आणि अर्धा तास भागत बसला! फोन त्याच्याच खिशात होता. शेवटी शेजारच्या फुलवालीने त्याच्या हातातला पेपर ओढून मला फोन लावला.

मी धावत पोचलो तर म्हणतो, "तुझो नंबर वायट रे. सातान जायना, तेरान जायना, तेविसानसुद्धा जायना!"

मी तोंड उघडणार, तोच आई कण्हत म्हणाली, "पुता, आता शेवटाक शून्य आसलेलो नंबर घे. दहान झटकन भाग जातलो, मगे तरी हो मनीस फोन करतलो."