तोंडानं बोला, कुठं?

“तीन आहेत की एक? ते आधी सांग! तीन की एक?”

मास्तर मागच्या दारापासून ओरडत होते. ओरडणं पुढच्या सीटवर बसलेल्या त्यांच्या मुलीसाठी होतं, पण मधे अख्खी डहाणू-तलासरी गाडी खच्चून भरलेली. आशागडला चढलेली एक बाई दचकली, तिनं आपली पोरं चाचपली आणि म्हणाली, “आहेत तीन, पण मास्तर, दोघं मांडीवर बसतात. एकाचंच हाफ घ्या ना.”

“तुला नाही गं विचारलं. मी देवाचं विचारतोय.”

“देवाला पण हाफ लागतं?”

गाडी अशी हसली की माझ्या हातातलं स्टेअरिंग दोन इंच सरकलं. मास्तर नाही हसले. त्यांनी त्या बाईकडे वळून नेहमीचं वाक्य टाकलं, “तोंडानं बोला, कुठं?”

त्या लाल गाडीचा ड्रायव्हर मी. राहणार चिखले, आणि माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. गंजाडच्या पुढे रस्त्यात एक खड्डा होता, त्यात ज्येष्ठात एक म्हैस उतरली ती दिवाळीला रेडकू घेऊनच वर आली, हे मी स्वतः पाहिलंय. मास्तर म्हणजे आमचे कंडक्टर. त्यांचा आवाज असा, की डहाणू डेपोत त्यांनी घसा खाकरला की चारोटी नाक्यावर लोक पिशव्या उचलून उभे राहत. आता त्या गाडीत नवा पोरगा बेल मारतो. मास्तर रिटायर झाले आणि वर्षाच्या आत गेलेही. पण डबल बेल वाजली की अजून माझे कान मागे वळतात.

तुमच्यापैकी कुणी त्या गाडीत बसलं असेल तर त्याला मास्तरांची खोड ठाऊक असणार. रोजचा माणूस असो, शाळेची मास्तरीण असो, तोंडानं गावाचं नाव घेतल्याशिवाय ते तिकीट काढत नसत. लोक चिडायचे. एक गुजराती शेठ वीस वर्षं तलासरीलाच उतरत होता, तो कपाळाला हात लावायचा, “अरे मास्तर, रोज शूं पूछो छो?” मास्तर म्हणायचे, “शेठ, काल तुम्ही तलासरीला गेलात. आजचं मला काय माहीत?”

याला कारण होतं. नोकरीला नवे असताना एक म्हातारा दर सोमवारी तलासरीला जायचा. एका सोमवारी मास्तरांनी न विचारताच त्याचं तलासरीचं तिकीट फाडलं. म्हातारा काही बोलला नाही. गाडी तलासरीला पोचली, तेव्हा तो उतरेना. विचारलं तर म्हणे, “आज चारोटीला लेकीकडे उतरायचं होतं. पण तुम्ही इथलं फाडलं ना. मग फुकट कशाला घालवा, म्हणून आलो.” हातात लेकीसाठी नेलेली वालाच्या शेंगांची पिशवी. मास्तरांनी ती गोष्ट मला एवढ्या वेळा सांगितली, की मीच त्या म्हाताऱ्याचा जावई असल्यासारखं वाटायला लागलं होतं.

मास्तर मिशनच्या बोर्डिंगात शिकलेले, लहानपणापासून ख्रिस्ती. बायको गंजाडच्या एका पाड्यावरची, वारली जमातीतली, ती मात्र आपल्या देवांत राहिली. “तुझा देव तुला, माझी कणसरी मला,” म्हणायची. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. नाताळला चर्चमध्ये यायची, शेवटच्या बाकावर बसायची, केक आवडीनं खायची. मास्तर दर वर्षी विचारायचे, “बाप्तिस्मा घेतेस का?” ती म्हणायची, “पुढच्या नाताळला बघू.” आणि ती गाडीत चढली की मास्तर तिलाही सोडत नसत.

“तोंडानं बोला, कुठं?”

“नेशील तिथं.”

“त्या नावाचा थांबा नाही.”

सगळी गाडी या दोन वाक्यांची वाट बघत बसायची.

मग एका पावसाळ्यात ती माहेरी भाताच्या आवणीला, रोपं लावायला गेली आणि तिथं तापानं पडली. भावांनी तिला आमच्याच परतीच्या गाडीत आणून झोपवलं, डहाणूच्या दवाखान्यात न्यायला. मास्तर तिच्या शेजारी खाली बसले, हातात पाण्याची बाटली. मी आरशातून बघत होतो आणि गाडी हाणत होतो. त्या दिवशी कुणी बेलच्या दोरीला हात लावला नाही. आशागडची माणसं आशागड मागे पडताना बघत होती, पण एकानंही थांबव म्हटलं नाही. सगळे डहाणूपर्यंत आले आणि तिथून पायी मागे गेले. यात माझी एका अक्षराची भर नाही. ती मात्र आशागडच्या अलीकडेच गेली होती.

तिच्या भावांनी तिला पाड्यावर नेऊन त्यांच्या रीतीनं निरोप दिला. मिशनच्या दफनभूमीत बाप्तिस्मा न झालेल्याला जागा नव्हती. वर मिशनमधली काही माणसं कुजबुजली. त्यांच्या धर्मात असं आहे, की मरणाच्या दारातल्या माणसाच्या डोक्यावर कुणीही पाणी ओतून ठरलेले शब्द म्हटले तर तो बाप्तिस्मा चालतो, फादरच हवेत असं नाही. आणि मास्तरांच्या हातात तर बाटली होती. मास्तर कुणालाच काही बोलले नाहीत. मला एकदाच म्हणाले, “डायवर, मी पुरला जाणार तलासरीत, ती गंजाडला. मेल्यावरही मधे फुल तिकीट पडतं बघ.”

याच्यानंतर दोन हजार चौदा साली मुलगी सुनीता घरी आली. हैदराबादला नर्स होती, तिथंच लग्न केलं, आणि नवऱ्याबरोबर मॉर्मन झाली. मास्तरांना हा शब्दच ठाऊक नव्हता. त्यांनी चौकशी केली आणि त्या दिवसापासून आमच्या गाडीत रस्त्यापेक्षा देव जास्त उखडला गेला.

माझ्या डोक्यात शिरलं ते असं. मास्तरांच्या चर्चमध्ये पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघं मिळून एकच देव. मुलीच्या चर्चमध्ये ते खरोखरच तिघं, वेगवेगळे, फक्त मनानं एक, आणि पित्यालासुद्धा हाडामांसाचं शरीर. शिवाय बायबलच्या जोडीला आणखी एक पवित्र पुस्तक, आणि अमेरिकेत बसलेला जिवंत संदेष्टा. आमच्याकडे तेहतीस कोटी, तेव्हा तीन की एक म्हणजे माझ्या हिशेबानं सुटे पैसे. पण मास्तरांची त्यात झोप गेली होती.

सुनीता वर्षातून दोनदा यायची आणि दोन्ही वेळा ठरलेलं भांडण व्हायचं.

“बाबा, आम्ही ख्रिस्तीच आहोत. आमच्या चर्चच्या नावातच येशूचं नाव आहे.”

“माझ्या गाडीच्या कपाळावर तलासरी लिहिलंय. म्हणून ती डेपोत उभी असताना तलासरी होते काय? पोचावं लागतं, पोरी.”

“आम्ही त्यालाच तारणारा मानतो, बाबा.”

“मग दुसरं पुस्तक कशाला? पहिलं वाचून झालं का तुझं?”

तलासरीच्या कँटीनमध्ये सुनीतानं चहा नको म्हटलं. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य. मास्तरांनी कप असा आपटला की शेजारच्या टेबलावरची भजी उठून बसली. “येशूनं लग्नघरात पाण्याचा द्राक्षारस केला आणि तुम्हाला चहा चालत नाही? डायवर, ऐकलंस? आणि म्हणे यांच्यात माणूस वाढत वाढत देवासारखा होऊ शकतो. उद्या तू पण होशील.”

“मास्तर, देव राहू द्या. आधी रविवारची सुट्टी मिळू द्या.”

जावई शांत माणूस. हिंदीत एवढंच म्हणायचा, “पापाजी, आप भी सही हैं.” मास्तरांना राग यायचा तो याचाच. भांडायला आलेला माणूस ‘तुम्हीही बरोबर’ म्हणाला तर त्याचं तिकीट कुठलं फाडायचं?

मास्तर फादरकडे गेले. फादर म्हणाले, त्या चर्चचा बाप्तिस्मा आपल्याकडे धरत नाहीत, देवाबद्दलची समजूतच वेगळी आहे. मास्तर जिंकल्यासारखे निघाले आणि दारातून मागे फिरले. “आणि माझ्या बायकोचं काय, फादर?” फादर म्हणाले, देवाची दया आपल्या नियमांत मावत नाही. परत येताना मास्तर माझ्या शेजारच्या बॉनेटवर टेकले. “डायवर, दया मावत नाही म्हणतात, आणि दफनभूमीत बाई मावत नाही. थकलो रे.”

अशी चार वर्षं गेली. भांडण चालू, पण आवाज उतरत गेला. पहिल्यासारखं मागच्या दारापासून ओरडणं नाही. दोघं एका सीटवर बसून, खिडकीबाहेर बघत, पाठ झालेलं बोलल्यासारखं बोलायचे. कधी मधेच मास्तर उठून तिकिटं काढायला जायचे आणि परत यायचेच नाहीत.

मग एका उन्हाळ्यात सुनीतानं आईचा विषय काढला. गाडी तलासरीला रिकामी उभी होती. मी पुढे डबा खात होतो, ती दोघं माझ्या मागच्या सीटवर.

“बाबा, आमच्यात मेलेल्या माणसासाठी बाप्तिस्मा घेता येतो. त्याच्या जागी जिवंत माणूस पाण्यात उतरतो. त्यासाठीचं आमचं मंदिर भारतात नाही, म्हणून आम्ही हाँगकाँगच्या मंदिरात जाणार आहोत. मी आईच्या नावानं उतरीन. पण तुमचा होकार लागतो. तुम्ही नवरा आहात.”

मी घास तसाच धरला. आता ही गाडी पेटणार, असं वाटलं.

पण मास्तर हळू बोलले. “पौलाच्या पत्रात मेलेल्यांसाठीच्या बाप्तिस्म्याचा एक उल्लेख आहे. मला ठाऊक आहे तो. आमचे फादर म्हणतात त्याचा अर्थ तसा नाही.”

“मग?”

“मग काही नाही. तू हे कधीतरी विचारणार, ते पहिल्या चौकशीतच कळलं होतं. तुम्ही ख्रिस्ती नाहीत एवढं धरलं, की मला होही म्हणावं लागत नाही आणि नाहीही. चार वर्षं तेच धरून बसलोय.”

“बाबा, आई आपल्याबरोबर असावी असं तुम्हाला वाटत नाही?”

“वाटतं गं. पण तिनं मागितलं नाही ना कधी. आणि तुझी आई कशी होती तुला माहीत आहे. तिच्या नावानं तू तिकीट काढशील आणि ती जाईल. नको असलं तरी जाईल. पोरीनं काढलंय, फुकट कशाला घालवा, म्हणून.”

मला एकदम तो वालाच्या शेंगा घेऊन बसलेला म्हातारा आठवला. सुनीतालाही आठवला असावा, तिनं तो लहानपणापासून ऐकलेला. ती बापाच्या जवळ सरकली.

“नाही, बाबा. तसं नाही त्यात. मी पाण्यात उतरले म्हणून आई आमच्यातली होत नाही. तिला तिथं, मेल्यानंतरच्या जगात, विचारतात. ती नको म्हणू शकते.”

“विचारतात?”

“हो.”

“तिला? तोंडानं सांगावं लागतं?”

“हो, बाबा.”

इतक्या वर्षांत मास्तरांनी त्या चर्चबद्दल वाईटच काढलं होतं. आता ते खिडकीचा गज धरून उठले, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं.

“मग विचारू दे,” म्हणाले. “पुढच्या नाताळला बघू म्हणेल ती.” दोन पावलं गेले आणि वळून बोट उगारलं, “तरी तुम्ही ख्रिस्ती नाहीतच!”

“बरं, बाबा.”

सुनीता हाँगकाँगला जाऊन आली. आली तेव्हा डेपोत मास्तरांनी तिची बॅगसुद्धा हातात घेतली नाही, आधी विचारलं, “काय म्हणाली?”

“ते कळत नाही, बाबा. तिकडून उत्तर येत नाही.”

मास्तरांनी मान हलवली. “चला. एवढं तरी आमच्यासारखंच आहे,” म्हणाले, आणि बॅग उचलली. माझ्या ऐकण्यात तरी त्यांनी तो वाद पुन्हा काढला नाही. सुनीताला चहाही विचारला नाही, दूध सांगितलं.

मास्तरांची शेवटची ड्युटी माझ्याच गाडीवर पडली. डेपोत हार, नारळ, भाषणं झाली. साहेबांनी भाषणात त्यांचं नाव चुकीचं घेतलं, ते मास्तरांनी तोंडानं दुरुस्त केलं. मग आम्ही नेहमीसारखे निघालो. परतीला चारोटीनंतर गाडी बरीच रिकामी झाली आणि मास्तर बॉनेटवर येऊन टेकले. गळ्यात झेंडूचा हार तसाच. गंजाड मागे पडलं. आशागड जवळ आलं तसे ते बाहेर बघायला लागले.

माझ्या पोटात तो प्रश्न किती वर्षं पडून होता, मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल पुन्हा फेकतोय. पण विचारलं.

“मास्तर, त्या दिवशी बाटली होती ना तुमच्या हातात? डोक्यावर ओतायला कितीसा वेळ लागतो?”

मास्तर उठले. आशागडचा थांबा होता. त्यांनी दोरी ओढली, एक बेल मारली.

“तिनं प्यायला मागितलं होतं,” म्हणाले.