भरल्या गाडीचं वजन

माझ्या हातून राहून गेलेल्या एका कामाची मला अजून शिसारी येते, आणि ते काम जेमतेम दोन ओळींचं होतं.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी राळेगावच्या एका खरेदी केंद्रावर वजनकाट्याच्या खोलीत बसायचो. काट्याचा प्रोग्राम मीच लिहिला होता. भरली बैलगाडी काट्यावर आली की मी तिच्यासाठी डेटाबेसमध्ये एक नोंद उघडायचो आणि वजन टाकायचो. गाडी आत जाऊन गंजीवर कापूस उतरवायची, रिकामी परत यायची, दुसरं वजन व्हायचं, पावती निघायची. तोवर पहिलं वजन डेटाबेसमध्ये साठायचं नाही, नुसतं कॉम्प्युटरच्या मेमरीत असायचं. पावती निघाली की नोंद बंद करायची आणि तिचा ऑब्जेक्ट, म्हणजे तिनं मेमरीत अडवलेली जागा, सोडून द्यायचा, हे नवशिक्यालाही शिकवतात. मी सोडत नव्हतो. पावती छापली जाते ना, मग झालं, हा माझा खाक्या. निघून गेलेल्या गाड्या मेमरीत साचत राहायच्या आणि दुपारी पडदा गोठायचा.

यावर केंद्रात कुणी चिडलंसुद्धा नाही, याचीच मला जास्त किळस येते. व्यवस्थापकांनी रीतच पाडली. जेवणाआधी आतल्या गाड्या निपटवायच्या, रांग थांबवायची, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. "मशीनलेही विसावा लागते ना," असं म्हणायचे. मीही दात काढायचो. रोग मला ठाऊक होता, औषधही ठाऊक होतं, पण आज करू, उद्या करू. वर तोरा केवढा! म्हातारे मापारी पूर्वी भरल्या गाडीचं वजन खडूने तिच्या फळीवर लिहून ठेवायचे. ते मी बंद करवलं. "कॉम्प्युटर असताना खडू कायले?" असं त्यांच्याच बोलीत विचारून चारचौघांत त्यांना हसलोही होतो.

एके दिवशी गाड्यांची झुंबड उडाली आणि पडदा सकाळीच गोठला. आत चार गाड्या होत्या. तिघांनी अजून कापूस उतरवला नव्हता, त्यांना पुन्हा काट्यावर घेता आलं. चौथी गाडी एका बाईची होती. दोन दिवस रांगेत काढून ती एकटीच आली होती, आणि तिचा कापूस एव्हाना गंजीत मिसळून गेला होता.

रिकामी गाडी उभी करून ती खिडकीशी पावती मागायला आली.

"वजन उडालं बाई," व्यवस्थापक म्हणाले. "अंदाजानं लिहून देतो."

"अंदाजानं काहून? काट्यावर त मोजलं ना तुम्ही." मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, आकडा त तुम्हीच टाकला. सांगा ना साहेबाले."

व्यवस्थापक माझ्याकडे पाहू लागले, मापारीही. आकडा सांगितला असता तर वजन उडालंच कसं, हा प्रश्न लगेच आला असता.

"इतक्या गाड्या येतात, कोणाकोणाचं लक्षात ठेवू?" मी म्हणालो. "त्यात हे व्होल्टेज वरखाली."

मग ती अंदाजाची पावती घेऊन गेली. मापारी खाली मान घालून काट्याची पाटी झाडत राहिले.

दुसऱ्या दिवशी, आल्या आल्या, मी त्या दोन ओळी लिहिल्या आणि पहिलं वजन तिथल्या तिथे साठवायची सोयही केली. लागला किती वेळ? चहा निवायलाही लागत नाही तेवढा. त्यानंतर पडदा एकदाही गोठला नाही. व्यवस्थापकांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली, आणि मी निर्लज्जासारखी ती थोपटून घेतली.

तिच्या भरल्या गाडीचं वजन बारा क्विंटल चाळीस किलो होतं. तिनं विचारलं तेव्हा मला ते स्पष्ट आठवत होतं. व्यवस्थापकांनी अकरा लिहिले, आणि मी शेजारी बसून पाहत होतो.